खुर्चीत बसलेली गैरहजर मुलगी

अंधेरीच्या त्या रोजगार केंद्रात वसुधा घाडीला माणसं चेहऱ्याआधी आवाजानं ओळखत. दाराच्या चौकटीत उभी राहून ती नाव पुकारायची, आणि ती मुलगी जिन्यात असो, पाण्याच्या पिंपाशी असो की खाली टपरीवर चहा पीत असो, ओढणी सावरत धावत वर यायची. घसा ताणलाय असं कधी वाटायचं नाही. आवाज सरळ निघायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. अशी देणगी फार थोड्यांना मिळते, आणि ज्यांना मिळते त्यांना तिचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

वसुधाला ती मिळाली चिंचपोकळीच्या चाळीत. वडील गिरणीत, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय घरी घेऊन यायचे. गणपतीत चाळकरी मंडपातला माईक या पोरीच्या हाती द्यायचे. हरवलेल्या पोरांची, सापडलेल्या पाकिटांची, आरतीला थांबलेल्या पाहुण्यांची, सगळी पुकार तिची. काय रुबाब होता! परकर-पोलक्यातली एवढीशी पोर, आणि तिच्या एका वाक्यावर सगळी गर्दी वळून बघायची. पुढे लग्न होऊन ती असल्फ्याच्या टेकडीवर आली. नवरा सुबोध शाळेची बस चालवायचा. सासरे धोंडू घाडी, तेही गिरणीतलेच, दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यावर मालवणीत शेरे मारायचे. माईक सुटला. पण केंद्रात मदतनीस हवी होती तेव्हा मुलाखतीत साहेबांनी नुसतं नाव विचारलं, आणि तिचं उत्तर बाहेरच्या लोकांनाही ऐकू गेलं. नोकरी पक्की.

पक्की म्हणजे काय, कंत्राटी. दर वर्षी हर्षद सरांच्या सहीनं पुढे सरकणारी.

केंद्र सरकारी पैशावर चालायचं, चालवायला मात्र एका संस्थेला दिलेलं होतं आणि हर्षद सर त्या संस्थेचे व्यवस्थापक. रुग्णालयं, मॉल, हॉटेलं माणसं मागायची. कंपनीचे साहेब आतल्या खोलीत बसायचे, पोरी बाहेर हॉलमध्ये. वसुधा संगणकाच्या पडद्यावरचं नाव बघून पुकारायची. फक्त सकाळी, हॉल भरायच्या आधी, हर्षद सर तिच्या मागे येऊन उभे राहायचे आणि पडद्यावर बोट फिरवायचे. "ही नको. ही पण नको. ही राहू दे." बोट थांबायचं ते पत्त्यावर. गोवंडी. देवनार. खारदांडा. "कंपनीवाले नाक मुरडतात हो, ताई. आपण काय करणार? कचऱ्याचा डोंगर, मासळीचा बाजार... त्यांना काउंटरवर फ्रेश माणूस लागतो."

ज्यांची नावं पुकारायची नाहीत, त्यांच्यापुढे संध्याकाळी 'गैरहजर' भरायचं. 'नाकारलं' भरलं की खाली कारणाची चौकट उघडायची, आणि कारण काय लिहिणार? गैरहजरला कारण लागत नाही.

वसुधा भरायची. आणि भरायची म्हणूनच त्या पोरींशी जरा जास्त गोड बोलायची. पाणी विचारायची, पंख्याखालची खुर्ची द्यायची. शेवटी सांगायची, "साहेब गेले गं, बाय. पुढच्या वेळी नक्की." मन खायचं, पण नोकरीत मन खातच असतं, असं ती स्वतःला समजवायची.

पौषातल्या एका दुपारी हर्षद सरांनी तिला आत बोलावलं आणि म्हणाले, "वसुधाताई, बसा ना."

या खोलीत तिला कधीच कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"कल्पिता वैती आठवते? खारदांड्याची?"

"एवढ्या मुली येतात, सर..."

"आठवेल. तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, तिच्या मुलाखतींचं काय झालं म्हणून. आपण उत्तर दिलं, तिन्ही वेळा उमेदवार गैरहजर. नोंद करणारी कर्मचारी, वसुधा घाडी."

"माझं नाव दिलंत?"

"विचारलं होतं, द्यावं लागतं. तिथवर ठीक होतं. तिनं भेदभावाची तक्रार केली, तीही ठीक. आता दुसरा अर्ज आलाय." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला नाही, स्वतःच वाचला. "नवरात्रात राखाडी रंगाच्या दिवशी केंद्राच्या फोनवर काढलेल्या सामूहिक छायाचित्राची प्रत मिळावी."

वसुधाला तो दिवस लख्ख आठवला.

नवरात्रात मुंबईतल्या बायका रोज ठरलेल्या रंगाचे कपडे घालतात आणि कचेरीत एकत्र फोटो काढतात, हे काय सांगायला हवं? पण राखाडी रंग आला की निम्म्या शहराची पंचाईत होते. कुणाकडे नसतोच तो. त्या दिवशी केंद्रात पाचसहा जणीच राखाडी निघाल्या, फोटो अगदी ओकाबोका दिसायला लागला. मग वसुधानं हॉलमध्ये बसलेल्या मुलींना हाक मारली, "या गं, तुम्ही पण या! पोरीबाळी काय परक्या आहेत?" कल्पिता पिवळ्या कुडत्यात आली होती. वसुधानं आपली राखाडी ओढणी काढून तिच्या खांद्यावर टाकली, तिला पुढे मधोमध बसवलं आणि स्वतःच फोटो काढला. त्या दिवशी कल्पिताचं नाव पुकारायचं नव्हतं. म्हणून तर तिला मधोमध बसवलं होतं.

आणि संध्याकाळी तिच्यापुढे गैरहजर भरलं होतं.

"राखाडी कुठल्या दिवशी होता ते शेंबडं पोरही सांगेल," हर्षद सर म्हणाले. "तारीख वेगळी लिहायलाच नको. काय गरज होती ताई, उमेदवारांना फोटोत घ्यायची?"

"सहज, सर. सणाचं..."

"सहज." त्यांनी केंद्राचा फोन तिच्यापुढे ठेवला. आवाज मऊच होता. "काढून टाका. ग्रुपवरून मी सगळ्यांना काढायला लावलाय. चौकशीत विचारलं तर फोटो काढलाच नव्हता. तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?"

तिनं फोटो पुसला. पहिल्यांदा भलताच फोटो पुसला गेला. मग हर्षद सरांनी फोन घेऊन पुसलेले फोटो जिथे जाऊन पडतात तो कोपराही साफ केला आणि म्हणाले, "जा, चहा घ्या."

तेव्हापासून भीती तिच्याबरोबर राहायला आली. फोन वाजला की ती दचकायची. मेट्रोत कुणी टक लावून पाहिलं तर पुढच्या स्टेशनला डबा बदलायची. नाव पुकारताना आवाज मधेच फुटायचा. मुली हसायच्या, आणि ती खोकल्याचं निमित्त करायची. सगळ्यात वाईट म्हणजे तिला नेमकी कुणाची भीती वाटतेय हेच कळत नव्हतं. हर्षद सरांची? चौकशीची? की पिवळ्या कुडत्यातल्या त्या मुलीची, जिनं ओढणी परत देताना घडी घालून दिली होती?

धोंडूबाबांच्या नजरेतून काय सुटणार?

"काय झाला गो? ताटातला तसाच आसा."

"काही नाही, बाबा. भूक नाही."

"भूक नाय? सुरमई असताना? डॉक्टराक दाखव मगे."

ती हसली नाही. मग तिनं सगळं सांगितलं, भांडी घासता घासता, पाठमोरी. ती वाट बघत होती ते 'गप्प राहा' या दोन शब्दांची. गिरणीतल्या माणसानं दुसरं काय सांगावं? संपात सगळं गेलेलं ज्यानं पाहिलंय, त्यानं?

"संपात मी गप रवलंय," बाबा म्हणाले. "माका वाटला, बोलणाऱ्यांका काढतीत, गप रवणाऱ्यांका ठेवतीत. बोलणारे पण गेले, गप रवलेले पण गेले. गिरण कोणाचीच नाय रवली."

"म्हणजे बोलू मी?"

"ता माका इचारू नको. मी तेव्हा पण भियालंय, आता पण भियातंय." आणि त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "पण जेव."

चौकशीच्या आदल्या दिवशी केंद्रातून उतरताना जिन्याच्या तळाशी कुणीतरी तिचा दंड धरला. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, हाताची पकड माणसाची नव्हे, चिमट्याची.

"तूच ना गो ती, नावं घेनारी? माजी पोर तुज्या समोर बसलेली व्हती ना? मंग कागदावर कशी नाय आली? भूत व्हतं काय खुर्चीवर?"

"आई, सोड त्यांना!" मागून कल्पिता पुढे झाली. "ताई, ही माझी आई, सरूबाई. बाजारातून थेट आलीय, मला सांगितलं पण नाही. मी धावत आले मागनं."

"सांगितलं असतं तर तू येव दिलं असतंस? मिळमिळीत!"

वसुधानं वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत कुणी नव्हतं. तरी ती दोघींना टपरीच्या मागे घेऊन गेली.

"काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?" ती म्हणाली, आणि आपला आवाज किती कोरडा निघाला याचं तिला वाईट वाटलं.

"काही नको," कल्पिता म्हणाली. "मी उद्या तक्रार मागे घेतेय. तसं कळवलंय. ताई, अर्जावर पत्ता लिहावाच लागतो ना उत्तर यायला? परवा दोन माणसं दांड्यात आली. जेट्टीवर विचारत होती, अर्जवाली पोरगी कुठे राहते. आजीला वाटलं, नोकरीचं पत्र घेऊन आलेत. तिनं घर दाखवलं. चहा पण पाजला त्यांना." ती हसायला गेली, पण ओठच हलले. "ते चहा प्यायले, आणि भावाची होडी कुठली, किती वाजता समुद्रात जातो, सगळं विचारून गेले. बाकी काही बोलले नाहीत."

"कुणी पाठवलं होतं?"

"ते कुठे सांगतात? पण माझा पत्ता केंद्रातच तर आहे."

सरूबाईचा हात अजून वसुधाच्या दंडावर होता. पण पकड सैल झाली होती, आणि तो हात थरथरत होता. म्हणजे ही बाई पण घाबरलीय, वसुधाच्या लक्षात आलं. एवढी दांडगी बाई, आणि तीही.

"फोटोची काय ती आठवन काढली हिनं," सरूबाई म्हणाली. "म्हनली, त्या ताईनं ओढणी घातली मला, ती खोटं बोलायची नाय. मी म्हनलं, बघू तरी कसली बाई हाय."

वसुधाला त्यांना सांगायचं होतं की फोटो राहिला नाही, आणि तो कुणी पुसला. तोंड उघडलं, आणि वरून कुणीतरी जिना उतरल्याचा आवाज आला. ती काही न बोलता चालू लागली. पाठीमागे सरूबाईची एक शिवी तिला स्पष्ट ऐकू आली. ती बाईही सरळ जाणाऱ्या आवाजाची होती.

चौकशी जिल्हा कार्यालयाच्या एका लहानशा खोलीत होती. फोटो नाही असं उत्तर मिळाल्यावर कल्पितानं केलेलं अपील आणि भेदभावाची तक्रार, दोन्ही एकाच अधिकारी बाईंकडे. बाई निवृत्तीला आलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेला. टेबलाच्या एका बाजूला कल्पिता, दुसऱ्या बाजूला हर्षद सर, आणि भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत वसुधा. सरांनी येताना गाडीत तिला पुन्हा समजावलं होतं. फार काही नाही, दोनच वाक्यं. ती वाक्यं तिनं मनात इतक्या वेळा घोकली होती की आता त्यांना अर्थच उरला नव्हता.

"तुम्ही तक्रार मागे घेताय?" बाईंनी कल्पिताला विचारलं.

"हो."

"कुणाचा दबाव?"

कल्पितानं टेबलाच्या कडेकडे बघितलं. "नाही."

"ठीक. मागे घेण्याआधी नोंदीची खातरजमा करून फाईल बंद करू." बाई वळल्या. "वसुधा घाडी, या गैरहजेरीच्या नोंदी तुमच्याच?"

"हो, बाई."

"नवरात्रात, राखाडी रंगाच्या दिवशी, मुलगी आली नव्हती?"

आता पहिलं वाक्य. साधं होतं, नाही, बाई, आली नव्हती. वसुधानं श्वास घेतला. मंडपातल्या गर्दीपुढे न डगमगलेली ती, या चार माणसांच्या खोलीत तिला आवाज सापडेना. मार्चमध्ये कंत्राट. सुबोधची बस. दांड्यातली ती दोन माणसं, त्यांना उद्या असल्फ्याचा पत्ता कुणी दिला तर? दारातच खुर्ची टाकून बसलेले बाबा त्यांना घर दाखवतील. चहाही विचारतील.

"घाडीबाई?"

"बसली होती," वसुधा म्हणाली. आवाज एवढासा आला, तिचा नव्हेच. "सकाळपासून हॉलमध्ये होती. पंख्याखाली."

हर्षद सर हसले. "ताई, नीट आठवा. त्या दिवशी तुम्हाला ताप होता ना?"

"ताप नव्हता, सर. तुम्हाला राखाडी शर्ट मिळत नव्हता म्हणून आपण सगळे हसत होतो." ती बाईंकडे वळली. थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. "फोटो होता, बाई. मीच काढला. ही मधोमध बसली होती, माझी ओढणी घालून. आणि मीच पुसला, सरांनी सांगितल्यावर. तिचं नाव मला पुकारायचं नव्हतं. एकट्या तिचंच नाही. खारदांडा, गोवंडी, देवनार, या पत्त्यांची नावं सकाळीच वगळायला सांगतात. त्या सगळ्या येऊन बसतात, आणि मी त्यांना गैरहजर लिहिते."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माहिती मागितल्यावर ती नष्ट केली तर कारवाई होते, ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं. "तुमच्यावरही होऊ शकते."

"नव्हतं ठाऊक."

"आता ठाऊक झालं. तरी हेच लिहू?"

वसुधाला नाही म्हणायचं होतं. अगदी मनापासून. तिनं मान हलवली ती होकाराची निघाली.

कल्पिता उठून उभी राहिली होती. "बाई," ती म्हणाली, "मला मागे नाही घ्यायची."

वसुधानं जबाबावर सही केली. हर्षद सर तोवर फोन कानाला लावून बाहेर गेले होते. तक्रार चालू राहील, पुढची तारीख कळवू, एवढंच बाई म्हणाल्या. न्याय वगैरे काही त्या दिवशी झाला नाही. कल्पितानं बाहेर आल्यावर वसुधाचा हात घट्ट धरला.

"आता काय होईल, ताई?"

"माहीत नाही गं. मला तर इथे उभं राहायची पण भीती वाटतेय. तू घरी जा. एकटी जाऊ नकोस, आईला बोलावून घे."

अर्धा दिवस उरला होता, म्हणून वसुधा केंद्रावर गेली. दुसरं जाणार कुठे? घरी बाबांनी तोंडाकडे बघितलं असतं. खाली रखवालदार नंदकिशोर नेहमी तिला सलाम ठोकायचा, तो आज बुटांकडे बघत आडवा उभा राहिला.

"मॅडम, वरून फोन आलाय. तुम्हाला सोडू नका म्हणून. माझी नोकरी आहे, मॅडम."

"डबा आहे माझा वर."

"मी आणून देतो ना."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. वर हॉलमध्ये नावं पुकारली जात होती. नवी मुलगी, अक्षता, बारीक आवाजाची. खालपर्यंत नीट ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं एक पोरगी उतरून आली, काखेत प्लास्टिकची फाईल, डोळे लाल.

"ताई, तुम्ही इथे बसलात? वर म्हणतात कंपनीचे साहेब गेले. खोलीत तर बसलेत, मी बघितलं दारातून. पुढच्या वेळी या म्हणतात. मागच्या वेळी पण हेच म्हणाले होते."

मागच्या वेळी ते वसुधानंच म्हटलं होतं. मुलीला आठवत होतं की नव्हतं कोण जाणे.

"कुठली गं तू?"

"गोवंडी."

"तुझं नाव पुकारणार नाहीत," वसुधा म्हणाली. "आणि संध्याकाळी तू आलीच नव्हतीस असं भरतील. मला ठाऊक आहे, मीच भरायचे. तू अर्ज कर. माहितीच्या अधिकारात. काय भरलंय ते त्यांना द्यावंच लागतं."

मुलगी तिच्या शेजारी टेकली. फाईलमधून पेन काढलं, एक कोरा कागद काढला. मग थांबली. "ताई, पत्ता पण लिहावा लागतो का? आमच्याकडे भाऊ... घरी चालणार नाही हो. कुणी दारात आलं-बिलं तर..."

नंदकिशोर डबा घेऊन आला होता आणि जिन्यातच थबकला होता. वरच्या खिडकीची काच सरकल्याचा आवाज झाला. वसुधानं मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांपुढे असल्फ्याची ती अरुंद पायवाट आली, दारातली खुर्ची, आणि खुर्चीतला म्हातारा.

"माझा पत्ता लिही," ती म्हणाली. "उत्तर माझ्याकडे येऊ दे. लिही, द्वारा वसुधा घाडी, गणेश मंदिराच्या मागची टेकडी, असल्फा..."

आवाज तिचा नेहमीचाच निघाला. जिन्यातून सरळ वर गेला.